पाण्यात बुडालेली जुनी मशिनं पुन्हा चालती करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनं लेथ, ड्रिल मशीन, शेपर, बँडसॉ किंवा साधा बेंच व्हाइस. पुराचं पाणी शिरलं, छत गळलं किंवा वर्षानुवर्षं ओलसर तळघरात पडून राहिलं, की त्याचं रूप बघवत नाही. हौस म्हणून असं एखादं मशीन घरी आणणाऱ्यांना जे प्रश्न पडतात, त्यांची ही उत्तरं. धंदा म्हणून मशिनं दुरुस्त करणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, कारण त्यांना वेळेचे पैसे मोजावे लागतात. आपल्याकडे वेळ असतो, आणि या कामात त्याचा फार उपयोग होतो.

इतकं गंजलेलं मशीन घ्यावं का?

गंजाकडे बघून ठरवू नका. गंज दिसतो, झीज दिसत नाही, आणि मशीन बाद होतं ते बहुतेक वेळा झिजेमुळे. रोज तेल-पुसणी होऊन चकाकणारं लेथ चाळीस वर्षं रात्रंदिवस चालून आतून संपलेलं असू शकतं. नारिंगी पापुद्र्यांनी झाकलेलं दुसरं एखादं लेथ जेमतेम वापरलेलं निघतं.

लेथचा बेड (ज्यावर बाकीचे भाग सरकतात तो लांब पाया) चकजवळ, म्हणजे काम धरून फिरवणाऱ्या पकडीजवळ, सर्वांत जास्त झिजतो, कारण बहुतेक काम तिथेच होतं. कॅरेज (हत्यार घेऊन बेडवर सरकणारा भाग) हलत असेल तर ते चकजवळ आणा आणि गिबचे, म्हणजे सरकत्या भागातली ढिलाई काढणाऱ्या पट्टीचे, स्क्रू इतकेच आवळा, की हाताला किंचित अडल्यासारखं वाटेल. मग हँडव्हील फिरवत टेलस्टॉककडे, म्हणजे बेडच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराकडे, न्या. वाटेत कॅरेज जडजड होत जाऊन अडकलं, तर बेड चकजवळ झिजलेला आहे. जितकं लवकर अडकेल तितकी झीज जास्त.

काहीच हलत नसेल तर इतर खुणा वाचा. लीड स्क्रूच्या (कॅरेज पुढे नेणाऱ्या लांब दांड्याच्या) आट्यांची जाडी चकजवळ आणि टेलस्टॉकच्या टोकाला ताडून बघा. चकजवळचे आटे चाकूच्या पात्यासारखे पातळ झाले असतील तर मशीनने भरपूर काम केलंय. ड्रिल मशीनच्या टेबलावर किती भोकं पडली आहेत ते मोजा. गिअरचे दात टोकदार झालेत का, हँडलच्या मुठी गुळगुळीत झाल्यात का, डायलवरचे आकडे अजून वाचता येतात का? सरकत्या पृष्ठांवर गंजाच्या खाली कारखान्यात स्क्रेपरने उमटवलेली नक्षी शाबूत दिसली तर घ्यायला हरकत नाही.

ओतकामाला तडा मात्र बारकाईने शोधा. टेबलाच्या टी-खाचांच्या कडा, पाय, गिअरबॉक्सचे कान, मोटर बसवण्याची जागा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ठिसूळ असतं, आणि पुरात मशीन उलटलं असेल तर हमखास कुठेतरी तडकलेलं असतं.

गोडं पाणी आणि खारं पाणी यात फरक पडतो का?

फार पडतो. छतातून गळलेल्या पाण्याचा गंज बहुतेक वरवरचा असतो. काढला, तेल लावलं, संपलं. समुद्राच्या पाण्यातले क्लोराइड मात्र गंजाच्या थराखाली, लोखंडाच्या खड्ड्यांत जाऊन बसतात. वरून कितीही स्वच्छ केलं तरी हवेतला ओलावा ओढून घेतात आणि काही आठवड्यांत त्याच जागी पुन्हा गंज फुलतो. १८६२ मध्ये बुडालेल्या ‘मॉनिटर’ या अमेरिकी युद्धनौकेचा तोफबुरूज २००२ मध्ये समुद्रातून वर काढला, तेव्हा आतले क्षार निघावेत म्हणून तो वर्षानुवर्षं अल्कधर्मी पाण्याच्या टाकीत ठेवावा लागला. तुमचा चक काही दीडशे वर्षं समुद्रात नव्हता, पण तत्त्व तेच. खाऱ्या पाण्यातला भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवायचा, पाणी बदलत राहायचं, आणि मगच गंज काढायला घ्यायचं.

पुराच्या पाण्याची गोष्ट तिसरीच. त्यात गाळ असतो, सांडपाणी असतं. गाळातली बारीक वाळू सरकत्या भागांमध्ये शिरते, आणि मशीन फिरवलं की तीच कानस होते. शिवाय लेप्टोस्पायरोसिससारखे आजार अशा पाण्यातून हातावरच्या जखमेवाटे शिरतात, म्हणून पहिली धुलाई रबरी हातमोजे घालूनच करा.

मशीन नुकतंच पाण्यातून निघालंय. आज काय करू?

चालू करून बघू नका. मोटर ‘चालते का’ हे बघण्याच्या मोहात जितक्या मोटरी जळतात, तितक्या पाण्याने जळत नसतील.

पहिलं काम म्हणजे धुणं. आधीच भिजलेल्या मशीनवर आणखी पाणी ओतायला लोकांचा हात धजत नाही, पण गाळ वाळून घट्ट बसण्याआधी तो स्वच्छ गोड्या पाण्याने वाहून जाणं फार महत्त्वाचं आहे. पाइपने हळू धार सोडा. जोराच्या प्रेशरने गाळ बेअरिंगच्या आत ढकलला जातो.

मग गिअरबॉक्स आणि तेलाच्या टाक्या. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसतं. ड्रेनचा स्क्रू पूर्ण काढायच्या आधी थोडा ढिला करा आणि खाली पांढरं भांडं धरा. मशीन काही दिवस स्थिर असेल तर आधी निव्वळ पाणी येतं, मग चहाच्या रंगाचं दुधाळ मिश्रण, आणि शेवटी काळं तेल. दुधाळ मिश्रण किती निघालं यावरून कळतं, की पाणी शिरल्यावर कुणीतरी मशीन फिरवलं होतं की नाही. रिकामी केलेली टाकी रॉकेलने विसळून घ्या, मग हलकं तेल भरा, हाताने गिअर फिरवा आणि तेही काढून टाका. तेल स्वच्छ येईपर्यंत हे करत राहा.

धुतलेलं मशीन पुसून, पंख्याच्या वाऱ्यावर कोरडं करा आणि पाणी हटवणाऱ्या तेलाचा फवारा सगळीकडे मारा. गिब ढिल्या करा, कॅरेज, टेलस्टॉक, स्लाइड जागचे हलवा. दोन पृष्ठं एकमेकांना चिकटून असतात तिथे पाणी सर्वांत जास्त काळ टिकतं, आणि पुढे जाम होणारी जागाही तीच. फेल्टचे वायपर काढून फेकून द्या. ते आठवडाभर ओले राहतात.

लगेच खोलायला वेळ नसेल तर छोटे भाग डब्यात रॉकेल किंवा डिझेल ओतून बुडवून ठेवा. लोखंडाला गंज चढायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, म्हणून अर्धवट ओलं ठेवणं सर्वांत वाईट.

डब्ल्यूडी-४० मारलं की पुरेसं नाही का?

पाणी हटवायला उत्तम आहे. १९५३ साली ते बनवलं गेलं ते याच कामासाठी. पण त्यातला बराच भाग उडून जातो आणि मागे राहतो तो फार पातळ थर. काही दिवसांचं संरक्षण समजा. त्यानंतर जाड तेल, ग्रीस किंवा लॅनोलिनचा थर हवाच.

सगळं जाम झालंय. हातोडा घ्यावा का?

घ्या, पण सर्वांत शेवटी, आणि तोही पितळी किंवा तांब्याचा. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो. म्हणजे जाम झालेली जोडी नुसती चिकटलेली नसते, आतून दाबली गेलेली असते. अशा जोडीवर ताकद लावली की सुटण्याआधी बीड फुटतं.

सुरुवात करण्यापूर्वी तो भाग नेमका कशाने धरलेला आहे ते शोधा. बरेचदा गंजावर खापर फुटतं आणि खरा गुन्हेगार असतो रंगाखाली लपलेला ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेला, भोकात पूर्ण बुडणारा स्क्रू. एक ग्रब स्क्रू काढल्यावर त्याच भोकात खाली दुसरा असतो, हे जुन्या मशिनांचं आवडतं कोडं. टेपर पिन, म्हणजे एका टोकाकडे निमुळती होत जाणारी पिन, असेल तर तिचं बारीक टोक कोणतं ते कॅलिपरने मोजून घ्या, कारण ठोकायचं त्याच टोकावरून. टेपर मेट्रिकमध्ये १:५० आणि इंचामध्ये १:४८ इतका थोडा असतो की डोळ्याला कळत नाही. चुकीच्या बाजूने ठोकलं तर पिन आणखी घट्ट बसते. ग्राइंडरच्या डाव्या टोकाचा नट डाव्या आट्यांचा असतो. इतर फिरत्या भागांवरही तशी शंका आली तर दिसणाऱ्या आट्यांचा उतार बघा.

मग मुरणारं तेल. अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल समसमान घेऊन केलेलं मिश्रण हौशी लोकांत प्रसिद्ध आहे आणि ते चालतंही. दोन्ही नीट मिसळत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी हलवून घ्यायचं. ते पेट घेतं, हे कायम लक्षात असू द्या. तेल लावायचं, हलके ठोके द्यायचे, सोडून द्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. टेलस्टॉकचा जाम झालेला बाहेरचा दांडा असाच सुटतो. पहिले कित्येक दिवस काहीच होत नाही. मग एका सकाळी दांडा आणि भोक यांच्या सांध्यावर तपकिरी ओल दिसते. तेल पलीकडून बाहेर आलेलं असतं. आता दांडा पुढे ओढायचा नाही. आधी केसभर उलट, मग केसभर सुलट, मध्ये तेल, असं डोलवत न्यायचं. एका दिशेने जोर केला तर सुटलेला गंज पुढे गोळा होऊन पाचर बसते.

याने नाही झालं तर उष्णता. बाहेरचा भाग तापवायचा, आतला थंड ठेवायचा. १५० ते २०० अंश सेल्सिअस बहुतेक वेळा पुरतात, आणि बीड एकाच ठिकाणी न तापवता ज्योत फिरवत ठेवायची. एक सूचना गांभीर्याने घ्या: क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर फवारलेला भाग कधीही ज्योतीने तापवू नका. त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

गंज काढायची सर्वांत चांगली पद्धत कोणती?

एकच पद्धत सगळ्याला लावणं हीच नवख्यांची मुख्य अडचण. भाग बघून पद्धत ठरवा.

बोल्ट, हँडल, ब्रॅकेट असल्या साध्या पोलादी भागांना सायट्रिक अॅसिड चांगलं. लिटरमागे साधारण ५० ग्रॅम, कोमट पाणी, आणि दर तासा-दोन तासांनी ब्रशने घासून बघणं. रात्रभर विसरलात तर लोखंडही खाल्लं जातं आणि पृष्ठ करडं पडतं. बाहेर काढल्यावर सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा, लगेच गरम हवेने कोरडं करून तेल लावा. ‘लगेच’ म्हणजे खरंच लगेच. उघडं पडलेलं ताजं लोखंड डोळ्यांदेखत पिवळं पडायला लागतं.

नाजूक भागांना, म्हणजे ज्यांच्यावर आकडे कोरलेले आहेत किंवा मापाची पृष्ठं आहेत अशांना, गंज बांधून घेणारे तयार द्रव वापरा. ते गंज विरघळवतात आणि लोखंडाला जवळजवळ हात लावत नाहीत. पाण्यात एकास नऊ प्रमाणात केलेलं मळीचं मिश्रणही हेच काम करतं, फक्त आठवडे लागतात आणि वास असा येतो की घरात ठेवू देणार नाहीत.

हायड्रोक्लोरिक अॅसिडची बाटली मात्र वर्कशॉपमध्ये उघडू नका. काम झटपट होतं, पण त्याची वाफ त्या खोलीतल्या इतर सगळ्या हत्यारांवर गंज चढवते.

फॉस्फोरिक किंवा टॅनिक अॅसिडचे ‘गंज बदलणारे’ द्रव गंजाचा काळा, स्थिर थर करतात. रंगाखाली चालतील, सरकत्या पृष्ठांवर नकोत. आणि धातू ओळखून घ्या: अॅल्युमिनियम, जस्ताच्या मिश्रधातूचे गिअर किंवा हँडव्हील कोणत्याही आम्लात किंवा सोड्यात टाकू नका. जुन्या हलक्या लेथमध्ये असे गिअर सर्रास असतात. ते लोहचुंबकाला चिकटत नाहीत, ही सोपी खूण.

इलेक्ट्रोलिसिस घरी करता येतं का?

येतं, आणि मोठ्या वेड्यावाकड्या भागांना त्याहून सोपं काही नाही. प्लॅस्टिकचा टब, लिटरमागे ५ ते १० ग्रॅम धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर. गंजलेला भाग ऋण टोकाला, आणि टाकाऊ साध्या पोलादाची पट्टी धन टोकाला. टोकं उलटी जोडली तर तुमचा चक पट्टीच्या जागी खाल्ला जाईल, तेव्हा चालू करण्यापूर्वी दोनदा बघा. भाग आणि पट्टी एकमेकांना टेकू देऊ नका.

धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका. त्यातून षट्संयुजी क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि ते कर्करोगकारक आहे. जस्त चढवलेला पत्राही नको. सोड्याऐवजी मीठ वापरलं तर क्लोरीन वायू सुटतो. भागापाशी हायड्रोजन तयार होत असतो आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की ठिणगीने पेटू शकतो, म्हणून टब उघड्यावर ठेवा आणि वायर काढण्याआधी चार्जर भिंतीपाशी बंद करा. स्प्रिंगा आणि कडक केलेले पोलादी भाग यात घालू नयेत. हायड्रोजन शोषून ते ठिसूळ होतात.

बाहेर येणारा भाग काळ्या साखळलेल्या थराने झाकलेला असतो. तो तारेच्या ब्रशने सहज उतरतो.

लेथच्या बेडवर ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर चालवला तर?

नको. इथे कुणाचंही ऐकू नका, व्हिडिओतल्या चकचकीत बेडचंही नाही. बेडची सरळ रेघ हेच त्या मशीनचं भांडवल. ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश किंवा घासणारी चकती ती रेघ काही सेकंदांत घालवते, आणि डोळ्याला कळतसुद्धा नाही. पॉलिश पेपरचे कण बिडाच्या छिद्रांत रुततात आणि नंतर कॅरेजचं तळपृष्ठ खात बसतात.

दाढीच्या ब्लेडची खरवडणी, पातळ तेल आणि चिंध्या एवढ्यावर भागतं. पृष्ठावर भरपूर तेल ओता, ब्लेड साधारण तीस अंशांत धरून पुढे ढकला. पहिल्या हाताला नारिंगी चिखल गोळा होतो, तो पुसा, पुन्हा तेल. तिसऱ्या-चौथ्या वेळी चिखल काळपट होतो आणि ब्लेडखालचा खरखर आवाज बदलून सरळ सुळसुळ होतो. तिथे थांबायचं. काळे डाग राहतील, राहू द्या. ते डाग घासून काढायच्या नादातच अचूकता जाते. वर आलेल्या कडा जाणवल्या तर सपाट ऑइलस्टोन हलका फिरवा, दाब न देता.

बेडवर खड्डे पडलेत. आता मशीन गेलं का?

बहुतेक नाही. भार पेलतं ते खड्ड्यांच्या मधलं शाबूत पृष्ठ. स्क्रेप केलेल्या बेडवर तर मुद्दाम बारीक खोलगट जागा सोडलेल्या असतात, त्यांत तेल साठतं. विखुरलेले खड्डे तसेच तेल धरतात. पृष्ठाचा मोठा पट्टा सलग खाल्ला गेला असेल, किंवा खड्डे ओळीने कडेपर्यंत गेले असतील, तर मात्र विचार करायला हवा. खड्ड्यांत इपॉक्सी भरून घासणं हा दिसण्यापुरता उपाय आहे.

बेअरिंग धुऊन वापरता येतील?

पाणी गेलेलं बॉल बेअरिंग बदला. धुतल्यावर ते हाताला गुळगुळीत लागतं, पण आतल्या वाटेवर गोळ्या जिथे टेकून उभ्या होत्या तिथे गंजाने बारीक खड्डे केलेले असतात आणि भार आला की ते गुरगुरायला लागतं. नंबर कड्यावर असतोच. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा पुढचे असतील तर त्यांना ५ ने गुणलं की आतला व्यास मिळतो: ६२०५ चा २५ मिलिमीटर, ६२०६ चा ३०.

कांस्य किंवा व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूची साधी (गोळ्या नसलेली) बेअरिंग असतील तर तुम्ही नशीबवान. ती पाण्याला बरीच तोंड देतात. शाफ्टचा गंज काढा, तेलाच्या वाटा मोकळ्या करा, शिम (फटीत घातलेले पातळ पत्रे) जसेच्या तसे जपून ठेवा. डावं-उजवं, वर-खाली अशा खुणा करूनच बेअरिंगच्या टोप्या काढा, कारण एकीची जागा दुसरीला चालत नाही. स्पिंडलची (चक फिरवणाऱ्या मुख्य दांड्याची) अचूक बेअरिंग जोडीनेच बदलायची असतात आणि महाग असतात. ती खरेदीच्या आधीच तपासलेली बरी.

मोटर बुडाली होती. वाचेल का?

बऱ्याचदा वाचते, कारण गुंडाळीवर वार्निश असतं. खोला, गोड्या पाण्याने गाळ धुवा, बेअरिंग बदला आणि मोटर ६० ते ८० अंशांच्या सौम्य उष्णतेत दिवस-दोन दिवस वाळवा. मग ५०० व्होल्टच्या मेगरने (विजेची गळती तपासणाऱ्या रोधमापकाने) गुंडाळी आणि बॉडी यांच्यामधला रोध मोजा. कपॅसिटर आणि इलेक्ट्रॉनिक भाग आधी सोडवून ठेवा. १ मेगाओहमपेक्षा कमी असेल तर वीज द्यायची नाही. ५ च्या वर असेल तर निर्धास्त. वाळवायला लागल्यावर आकडा आधी खाली येतो, त्याने घाबरू नका. गुंडाळी तापली आणि आतला ओलावा हलला की असं होतं. पुढे तो चढतो आणि एका ठिकाणी स्थिरावतो.

सिंगल फेज मोटरचा आतला सेंट्रिफ्युगल स्विच (वेग आल्यावर सुरुवातीची गुंडाळी तोडणारा) गंजून अडकलेला असतो. तो साफ केला नाही तर मोटर नुसती गुणगुणते, आणि मग गुंडाळी जळते. कपॅसिटर नवाच टाका. १९८० च्या आधीच्या कपॅसिटरमध्ये पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइलचं तेल असू शकतं. गळत असेल तर हातमोजे घाला आणि घातक कचरा म्हणूनच त्याची विल्हेवाट लावा. कापडी आवरणाच्या वायरी, जुना स्विच, जुनी प्लग-दोरी यांत भावना गुंतवू नका. अर्थिंग नीट करा आणि पहिल्यांदा चालू करताना ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक ब्रेकर मध्ये असू द्या.

जुन्या बोल्टवर नवा नट चढतो, पण अडकतो. असं का?

जुन्या ब्रिटिश मशिनांवर बहुधा व्हिटवर्थ आटे असतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेली ही पद्धत, आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिकी आणि मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंश. गंमत अशी, की बऱ्याच मापांत व्हिटवर्थ आणि अमेरिकी जाड आट्यांची इंचामागची संख्या एकच आहे, म्हणून नट चढल्यासारखा वाटतो. अर्धा इंचात मात्र व्हिटवर्थला १२ आटे आणि अमेरिकीला १३. तिथे जबरदस्ती केली तर दोन्ही खराब. आट्यांचा गेज जवळ ठेवा. आणि व्हिटवर्थ पान्यांवर लिहिलेलं माप बोल्टच्या व्यासाचं असतं, डोक्याच्या रुंदीचं नव्हे.

जुना रंग काढावा का?

शक्यतो नको. घट्ट बसलेला मूळ रंग चांगलाच असतो, आणि खाली बिडाचं खडबड झाकायला जाड लांबी (पुट्टी) भरलेली असते. एकदा ती उखडायला लागली की सगळी काढावी लागते. जुन्या रंगांत शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला: कोरडं घासू नका, ओलं खरवडा, योग्य मास्क घाला, चिंध्या वेगळ्या पिशवीत. जुन्या ब्रेकच्या आणि क्लचच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असू शकतो. त्यावर हवेचा झोत मारू नका. वाळूचा मारा करून रंग काढायची कल्पना कुणी सुचवली तर नाही म्हणा. सिलिकाची धूळ फुप्फुसाला सिलिकोसिस देते, आणि वाळू तेलाच्या प्रत्येक भोकात जाऊन बसते.

रंग द्यायचाच असेल तर लांबीच्या तड्यांतून आत गेलेलं पाणी पूर्ण वाळू द्या, नाहीतर महिनाभरात फोड येतात. जिथे दोन भाग एकमेकांवर बसतात तिथे रंगाचा थेंबही नको. पितळी नावपट्टी रंगात घालवू नका आणि पॉलिश करून तिच्यातली काळी भरणीही उडवू नका.

पहिल्यांदा कोणतं मशीन घ्यावं?

बेंच व्हाइस किंवा साधं ड्रिल मशीन. भाग कमी, अचूकतेची मागणी बेताची, आणि पुढच्या कामाला दोन्ही लागतातच. मिलिंग मशीनपासून सुरुवात करणारे बरेच जण खोललेल्या भागांच्या डब्यांपाशी थांबतात. डबे म्हणजे खरंच डबे: प्रत्येक जोडणीचा वेगळा, चिठ्ठी लावलेला, आणि खोलण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढलेला.

जोडताना कोणतं तेल?

सरकत्या पृष्ठांना स्लाइडवे तेल, आयएसओ ६८ ग्रेडचं. वेगाने फिरणाऱ्या साध्या स्पिंडलला पातळ स्पिंडल तेल. गिअरबॉक्सला मशीनच्या पुस्तिकेत असेल ते. पुस्तिका नसेल तर सरकत्या भागांवर ग्रीस भरण्याचा मोह टाळा. ग्रीस चुरा धरून ठेवतं, तेल तो बाहेर वाहून नेतं.

पुन्हा गंज चढू नये म्हणून?

हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग वाढतो. पण जास्त त्रास होतो तो थंड पडलेल्या बिडावर दमट गरम हवा आल्यावर सुटणाऱ्या घामाचा. म्हणून मशीन खोलीपेक्षा थोडं उबदार ठेवण्याचा उपाय खोली कोरडी करण्यापेक्षा स्वस्त पडतो; कॅबिनेटमध्ये छोटा हीटर पुरतो. प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळू नका, आत ओलावा कोंडतो. जाड सुती कापडाचं आवरण बरं. मोजमापाची हत्यारं ओकच्या लाकडी पेटीत असतील तर त्या लाकडातून निघणारी आम्ल वाफ त्यांना गंजवते, तेव्हा गंजरोधक कागदात गुंडाळा.

जोडून झालं. अचूक आहे हे कसं कळणार?

काम करून बघून. लेथसाठी सोपी चाचणी: चकमध्ये जाड दांडा धरा, टेलस्टॉकचा आधार न देता. दांड्यावर दोन उंच कड्या ठेवा, एक चकजवळ, एक १०० मिलिमीटर अंतरावर, मधला भाग बारीक करा. दोन्ही कड्यांवर एकाच मांडणीत अगदी हलका शेवटचा कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. व्यासात फरक आला तर लगेच हेडस्टॉक (स्पिंडल बसवलेला भाग) हलवायला जाऊ नका. आधी पायांखालच्या पाचरी बघा. बेड पिळलेला असतो तो बहुतेक वेळा विषम जमिनीमुळे, आणि एका पायाखाली पातळ शिम सरकवून फरक निघून जातो.

स्पिंडलची ढिलाई बघायला चकमध्ये लांब दांडा धरून डायल इंडिकेटर टेकवा आणि दांडा वर-खाली दाबा. काटा ०.०२-०.०३ मिलिमीटरहून जास्त हलला तर बेअरिंगची मांडणी पुन्हा करा. क्रॉस स्लाइडच्या (हत्यार आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) स्क्रूचा खेळ मात्र तुलनेने निरुपद्रवी आहे. उलट दिशेने घेताना तेवढं हँडल जास्त फिरवायचं, इतकंच.

कधी हात टेकायचे?

मुख्य ओतकामाला तडा असेल, स्पिंडलचं टोक फुटलं असेल, किंवा गिअरच्या संचातले निम्मे गायब असतील आणि त्याच बनावटीचं दुसरं मशीन सापडण्याची चिन्हं नसतील, तेव्हा. मग ते सुटे भाग पुरवणारं मशीन म्हणून ठेवा. चक, टेलस्टॉक, गिअर, हँडव्हील, डायल, सगळे खास स्क्रू काढून, तेल लावून, मशीनचा अनुक्रमांक लिहिलेल्या डब्यात भरा. तो अनुक्रमांक बरेचदा बेडवर, टेलस्टॉकच्या टोकाला ठोकलेला सापडतो. बेड भंगारात जाण्याआधी तिथला गंज खरवडून बघा, कारण त्याच बनावटीचं लेथ चालवणारा दुसरा कुणी भाग मागायला आला, तर पहिला प्रश्न तोच विचारेल.